दोष कुणाचा, ते मोठ्याने वाचा
चौकाचौकांत बसलेल्या आंदोलकांना खुले पत्र

मित्रांनो,

तुम्ही कुठल्या शहरातल्या कुठल्या चौकात बसला आहात, हे मला ठाऊक नाही. गेल्या पंधरा वर्षांत इतक्या चौकांत इतकी माणसं येऊन बसली की या पत्रावर एकच पत्ता घालणं अवघड आहे. तुमच्या फलकांवरचा मजकूर मात्र मला पाठ झालाय. पगारातला निम्मा पैसा भाड्यात जातो. घरात एक आजारपण आलं की साठवलेलं सगळं धुऊन निघतं. शिकलेल्या मुलांना काम नाही. आणि याच काळात मूठभरांची संपत्ती दिवसागणिक फुगत चाललीय. यातला एकही शब्द खोटा नाही. 'वर्ल्ड इनइक्वॅलिटी रिपोर्ट'च्या २०२२ च्या आवृत्तीने मांडलेला हिशेब असा : जगातल्या खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे एकूण संपत्तीचा २ टक्के वाटा आहे आणि वरच्या १० टक्क्यांकडे ७६ टक्के. एवढं वाचल्यावर 'तुम्हाला राग का आला?' असं तुम्हाला विचारायचा हक्क कुणाला उरत नाही.

मला बोलायचंय ते रागाच्या पुढच्या प्रश्नाबद्दल. दोष कुणाचा?

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका मोर्चात चालत होतो. एका बँकेच्या दारापाशी मोर्चा अडला. आतले साहेब मागच्या दाराने केव्हाच निघून गेले होते. दारात उरला होता एक सुरक्षारक्षक, कंत्राटावरचा, पंचविशीतला. पुढच्या फळीतल्या लोकांनी त्याला घेरलं आणि 'चोर, चोर' अशा घोषणा सुरू झाल्या. कुणी त्याला हात लावला नाही, पण त्याचा चेहरा मी विसरू शकलेलो नाही. त्याचा पगार आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा कमी असणार. त्याचं कंत्राट वर्षाचं की महिन्याचं, हेसुद्धा त्याच्या हातात नव्हतं. मी गर्दीत मागे उभा होतो आणि गप्प राहिलो. मी तेव्हा बोलायला हवं होतं. हे पत्र त्या दिवसापासून मनात साचत आलंय.

वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं. आणि दर वेळी ते घोषणेवर थांबतंच असं नाही. दक्षिण आफ्रिका हा जगातल्या सर्वांत विषम देशांपैकी एक. तिथल्या वस्त्यांमध्ये काम नव्हतं, घरं नव्हती, पाणी नव्हतं. मे २००८ मध्ये तो राग जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतून उसळला आणि थेट शेजारच्या झोपडीवर जाऊन पडला. झिम्बाब्वे, मोझांबिकहून पोट भरायला आलेल्या माणसांवर हल्ले झाले. साठहून अधिक माणसं मारली गेली. मेलेल्यांपैकी एकानेही त्या देशाचा अर्थसंकल्प लिहिला नव्हता, जमिनीचा कायदा केला नव्हता, खाणीचा परवाना दिला नव्हता. ज्यांनी हे सगळं केलं त्यांच्या घराची काचही फुटली नाही.

म्हणून दोष कुणाचा हा प्रश्न मला घोषणेपेक्षा मोठा वाटतो. राग खरा असूनही उत्तर चुकू शकतं, आणि चुकलं की त्याची किंमत आपल्यासारखीच माणसं मोजतात.

सगळ्यांत जास्त बोलल्या गेलेल्या प्रकरणाकडे वळतो, कारण तिथे हा प्रश्न अगदी उघडावाघडा दिसतो. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. ३ ऑक्टोबरला ७०० अब्ज डॉलरच्या मदत योजनेवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. एआयजी नावाच्या विमा कंपनीला सरकारने वेगळं वाचवलं, आणि मार्च २००९ मध्ये कळलं की जो विभाग त्या कंपनीला घेऊन बुडाला, त्याच विभागातल्या लोकांना १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटले जात आहेत. इकडे लाखो कुटुंबांच्या दारावर जप्तीच्या नोटिसा लागत होत्या.

या एकाच आगीतून दोन आंदोलनं उभी राहिली. पहिलं आपण सोयीस्करपणे विसरतो. घरकर्ज थकलेल्यांना मदत देण्याची योजना सरकारने जाहीर केली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ फेब्रुवारी २००९ ला, शिकागोच्या सट्टाबाजारातून एका दूरचित्रवाणी वाहिनीचा वार्ताहर थेट प्रक्षेपणात संतापून बोलला : शेजाऱ्याने झेपत नसताना कर्ज काढलं, त्याचे हप्ते आम्ही का भरायचे? त्याच्या आजूबाजूच्या दलालांनी त्याला साथ दिली. त्यातून 'टी पार्टी' ही चळवळ पसरली. तिच्या लेखी दोषी होतं सरकार, आणि सरकारच्या जिवावर उधळपट्टी करणारे कर्जदार. दुसरं आंदोलन तुमचं, 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट'. १७ सप्टेंबर २०११ ला न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये तंबू पडले. 'आम्ही ९९ टक्के'. तिथे दोषी होती वॉल स्ट्रीट, म्हणजे बड्या बँका आणि दलालपेढ्या.

टी पार्टीत जमलेली सगळी माणसं बाजारातल्या दलालांसारखी नव्हती. त्यांत पेन्शनवर जगणारे होते, छोटे दुकानदार होते, ज्यांच्या घराची किंमत निम्म्यावर आली असे लोक होते. झुकोटीतल्या तरुणांचा आणि त्यांचा घाव एकच होता. एकाने बोट सरकारकडे दाखवलं, दुसऱ्याने बँकेकडे, आणि पुढची कित्येक वर्षं हे दोघे एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. सरकार आणि बँक यांच्यामध्ये जो कागद होता, तो दोघांच्याही हातात नव्हता.

तो कागद असा. १९९८ मध्ये ब्रुक्सली बॉर्न या वायदेबाजाराच्या नियामक संस्थेच्या अध्यक्ष होत्या. बँका आपापसात, कुठल्याही बाजारात नोंद न करता, डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर किंवा जोखमीवर बेतलेल्या करारांचे, प्रचंड सौदे करत होत्या. यांवर देखरेख हवी का, एवढा प्रश्न त्यांनी अधिकृतपणे विचारला. मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन आणि अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन यांनी उघड विरोध केला. संसदेने बॉर्न यांचे हात बांधले. १९९९ मध्ये त्या पदावरून गेल्या. आणि डिसेंबर २००० मध्ये, अधिवेशन संपता संपता, हजारो पानांच्या खर्चाच्या विधेयकाला २६२ पानांचा एक कायदा जोडून मंजूर झाला : 'कमोडिटी फ्यूचर्स मॉडर्नायझेशन ॲक्ट'. या सौद्यांवर नियामकाची देखरेख राहणार नाही, असं त्याने ठरवलं. त्यात आणखी एक तरतूद होती, ती वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. राज्याराज्यांतले जुगारविरोधी कायदे या सौद्यांना लागू होणार नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. जुगाराचा कायदा लागू होऊ नये अशी तरतूद कुणाला करावीशी वाटते, याचा विचार तुम्हीच करा. संसदेत बहुमत रिपब्लिकनांचं होतं. सही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची.

आता पुढचं चित्र नीट जुळतं. कर्ज देणाऱ्या दलालाला कमिशन कर्ज फिटण्यावर नव्हतं, कर्ज देण्यावर होतं. बँकेने ती कर्जं एकत्र बांधून विकली. त्या गाठोड्याला 'अतिसुरक्षित' असा शिक्का देणाऱ्या पतमानांकन संस्थेला पैसे गाठोडं विकणाराच देत होता. ते बुडालं तर भरपाई देऊ असं वचन एआयजीने विकलं आणि त्यासाठी पुरेशी गंगाजळी बाजूला ठेवली नाही, कारण ती ठेवण्याची सक्ती करू शकेल अशा देखरेखीची वाटच २००० सालच्या कायद्याने बंद केली होती. या साखळीतल्या प्रत्येकाने आपला स्वार्थ पाहिला, हे खरं. पण स्वार्थ काही २००० साली जन्मला नाही. त्या साली फक्त दार उघडलं गेलं. दार उघडणाऱ्यांची नावं आहेत, तारीख आहे, मतदानाची नोंद आहे.

इथे कुणी तरी हमखास म्हणतं की चूक सगळ्यांचीच होती. कर्ज काढणाऱ्यांनी कुठे विचार केला? हव्यास कुणाला नाही? हे वाक्य ऐकायला समंजस वाटतं, आणि मला ते सगळ्यांत धोकादायक वाटतं. सगळेच दोषी म्हटलं की चौकशी संपते. ज्या बाईने दलालाच्या शब्दावर विसंबून न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवावा तशी सही केली, आणि ज्या माणसाने जाणूनबुजून देखरेख काढून टाकणाऱ्या कायद्यावर सही केली, त्या दोन सह्यांचं वजन एक नाही. पहिलीने स्वतःचं घर गमावलं. दुसऱ्याचं आणि त्याच्या साथीदारांचं काय गेलं? २३ ऑक्टोबर २००८ ला ग्रीनस्पॅन यांनी संसदीय समितीसमोर मान्य केलं की आपल्या विचारसरणीत त्रुटी आढळली. तेवढ्यावर ते घरी गेले. चौकशी आयोगाने जानेवारी २०११ मध्ये लिहून दिलं की हे संकट टाळता येण्यासारखं होतं. आणि तुरुंगात? मोठ्या बँकांमधला एक अधिकारी, २०१३ साली, ३० महिन्यांसाठी.

त्या पार्कमधल्या मित्रांवर तेव्हा टीका झाली की त्यांना मागण्याच नाहीत. ती टीका मला पूर्ण पटत नाही. ध्वनिवर्धकाला परवानगी नव्हती, तर एकाने वाक्य म्हणायचं आणि बाकीच्यांनी ते मोठ्याने मागे पोचवायचं, अशी रीत त्यांनी रूढ केली. त्यांनी हजारो पुस्तकांचं वाचनालय उभं केलं. १५ नोव्हेंबर २०११ च्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी तंबूंबरोबर ते वाचनालयही उचललं. 'एक टक्का' हा शब्द त्यांनी जगाच्या तोंडी बसवला आणि तो अजून गेलेला नाही. पण मला मनापासून वाटतं, त्या माणसांच्या ध्वनिवर्धकावरून ती २६२ पानं रोज थोडी थोडी वाचली गेली असती, तर टी पार्टीतला एखादा पेन्शनरही थांबून ऐकत राहिला असता.

हे स्वप्नरंजन नाही. एका देशात असं घडलंय.

आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका ऑक्टोबर २००८ मध्ये एकामागून एक कोसळल्या. जानेवारी २००९ मध्ये लोक भांडी बडवत संसदेसमोर उभे राहिले आणि सरकारने राजीनामा दिला. लोक तिथेच थांबले नाहीत, म्हणून मला तो देश आठवतो. बँकांच्या गुन्ह्यांसाठी विशेष सरकारी वकिलाचं पद जाहीर झालं, तेव्हा पहिल्यांदा कुणी अर्जच केला नाही. मग एका छोट्या गावच्या पोलीसप्रमुखाने ते काम अंगावर घेतलं. संसदेच्या चौकशी आयोगाने एप्रिल २०१० मध्ये नऊ खंडांचा अहवाल दिला, दोन हजारांहून अधिक पानांचा, आणि त्यात सरळ सात जणांची नावं लिहिली, ज्यांनी आपल्या कर्तव्यात हयगय केली : माजी पंतप्रधान, दोन मंत्री, मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर, वित्तीय देखरेख संस्थेचा संचालक. राजधानीतल्या नाट्यगृहाच्या नटांनी तो अख्खा अहवाल रंगमंचावरून वाचला. अनेक दिवस, रात्रीही न थांबता, पाळ्या लावून. कुणीही आत यावं, बसावं, ऐकावं.

पुढे काउपथिंग बँकेच्या प्रमुखांना शिक्षा झाल्या, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या, आणि इतरही अनेक बँकर तुरुंगात गेले. माजी पंतप्रधान एका किरकोळ आरोपात दोषी ठरले, त्यांना शिक्षा झाली नाही. न्याय पुरता झाला, असं मी म्हणणार नाही. पण तिथल्या माणसाला दोष कुणाचा हे विचारलं तर तो नाव सांगू शकतो. सुरक्षारक्षकाला घेरायची वेळ त्याच्यावर येत नाही.

नेमकेपणा सुटला की काय होतं, तेही पाहू. चिलीत ऑक्टोबर २०१९ मध्ये सँतियागोच्या मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं. एका मंत्र्याने सल्ला दिला की लवकर उठा, पहाटे तिकीट स्वस्त असतं. शाळकरी मुलांनी फाटकांवरून उड्या मारायला सुरुवात केली आणि घोषणा आली : '३० पेसोंचं नाही, ३० वर्षांचं आहे.' २५ ऑक्टोबरला एकट्या सँतियागोत दहा लाखांहून जास्त लोक रस्त्यावर होते. पोलिसांच्या छऱ्यांनी चारशेहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा केली. लष्करशाही संपल्यानंतरच्या त्या तीस वर्षांच्या मुळाशी एक त्याहून जुना कागद होता, तोही लोकांना माहीत होता. लष्करशाहीने १९८१ मध्ये कामगारांचं निवृत्तिवेतन खासगी कंपन्यांकडे सोपवलं. पगारातून १० टक्के कापून जात, म्हातारपणी हातात पडे ते तुटपुंजं. आणि ही व्यवस्था देशाला इतकी हितकारक म्हणून लादणाऱ्या लष्कराने स्वतःला मात्र तिच्यातून वगळलं होतं. त्यांचं निवृत्तिवेतन जुन्याच पद्धतीने चालू राहिलं. माझ्या मते अन्यायाचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणं कठीण आहे.

इतकी नेमकी गोष्ट हातात असताना चळवळ संपूर्ण राज्यघटनेकडे वळली. ऑक्टोबर २०२० मध्ये ७८ टक्के मतदारांनी नवी घटना लिहायला होकार दिला. मसुदा आला तो ३८८ कलमांचा, जगातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊ पाहणारा. सप्टेंबर २०२२ मध्ये ६२ टक्क्यांनी तो नाकारला. घटना बदलण्याचा हेतू चुकीचा होता, असं मला म्हणायचं नाही, ती हुकूमशहाच्या काळातली होती. पण घरात बसलेल्या म्हातारीला हवं होतं ते महिन्याचं निवृत्तिवेतन, आणि ते ३८८ कलमांच्या गर्दीत हरवलं. अखेर जानेवारी २०२५ मध्ये निवृत्तिवेतनाचा कायदा सुधारला आणि मालकांनी आपला हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढवत भरायचा, असं ठरलं. पाच वर्षं गेली. ज्यांचे डोळे गेले ते गेलेच.

फ्रान्सचं थोडक्यात सांगतो. २०१८ च्या सुरुवातीला सरकारने जुना संपत्तीकर रद्द केला. शेअर आणि ठेवींतली संपत्ती करातून सुटली, कर उरला तो फक्त जमीनजुमल्यावर. त्याच सरकारने डिझेलवर लिटरमागे ६.५ सेंट वाढीव कर जानेवारी २०१९ पासून ठरवला. त्याआधीच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यांच्या चौकांत उभे राहिले. त्यांनी हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते, म्हणूनच 'पर्यावरणासाठी त्याग करा' हा सरकारचा उपदेश त्यांच्यापुढे टिकला नाही. इंधनावरची वाढ रद्द झाली. संपत्तीकर मात्र परत आला नाही, आणि तो न आल्याची खंत त्या देशात आजही बोलली जाते.

आणि केनिया. २०२४ च्या वित्तविधेयकात पावावर १६ टक्के मूल्यवर्धित कर होता, गाड्यांवर दरवर्षी २.५ टक्के होता, आणखी बरंच काही. तिथल्या विशी-पंचविशीतल्या मुलांनी काय केलं? विधेयक वाचलं. कलम उचलायचं, सोप्या शब्दांत समजावायचं, आपापल्या भाषेत उतरवायचं आणि मोबाइलवरून पुढे पाठवायचं. कुठल्या खासदाराने कसं मत दिलं, याच्या याद्या फिरल्या. पावावरचा कर सरकारने आधीच मागे घेतला. २५ जूनला संसदेने उरलेलं विधेयक मंजूर केलं, तेव्हा मुलं संसदेत शिरली, गोळ्या चालल्या, तरुण मुलं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी सही करायला नकार दिला. ती मुलं कुठल्या एका नेत्यामागे नव्हती. त्यांच्यात जमातीजमातींचे जुने वाद होते, ते त्या दिवसांत मागे पडले, कारण सगळ्यांच्या हातात तोच मजकूर होता.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे मागणी छोटी आहे. 'श्रीमंत चोर आहेत' हा फलक राहू द्या, मी तो खाली ठेवा म्हणत नाही. त्याच्या शेजारी एक कागद लावा. बऱ्याच देशांच्या अर्थसंकल्पासोबत एक विवरण येतं : कुणाला किती करसवलत दिली आणि त्यापायी तिजोरीने किती महसूल सोडला. ते पान बहुतेक शेवटाकडे असतं आणि वर्तमानपत्रं ते क्वचितच छापतात. ते काढा. कायदा कधी झाला, कुणी मांडला, कुणी बाजूने मत दिलं, सही कुणाची, एवढं एका बाजूला लिहा. आपल्याला आवडणाऱ्या पक्षाचं नाव आलं तरी लिहा, विशेषतः तेव्हा लिहाच. क्लिंटन यांचं नाव लिहायला त्यांच्याच मतदारांना जड गेलं आणि तिथेच गाडं अडलं.

मोर्चाच्या पुढच्या फळीतल्यांना एक विनंती वेगळी. दारात कंत्राटी पोरगा उभा असेल, तिकीटखिडकीत कुणी बसलं असेल, पलीकडच्या वस्तीत परमुलखातून आलेलं कुटुंब असेल, तर घोषणा थांबवा आणि तो कागद त्यांनाही वाचायला द्या. त्यांचंही नाव त्या विवरणात कुठेच नसतं.

तुमच्यात कुणाला ते विवरण समजायला अवघड वाटलं तर लाजू नका, ते अवघडच लिहिलेलं असतं. हिशेबनीस, निवृत्त शिक्षक, कायद्याचे विद्यार्थी प्रत्येक शहरात आहेत. त्यांना बोलवा. नट असतील तर त्यांनाही. आवाजाची परवानगी नाकारली तर एकाने वाक्य म्हणायचं, बाकीच्यांनी मागे पोचवायचं, हे आपल्याला येतं. रात्रीची पाळी लावणार असाल तर कळवा. मागे उभं राहून गप्प बसणाऱ्यांतला मी, या वेळी पहिलं पान वाचायला येईन.

तुमच्यातलाच एक